राखून ठेवायच्या चुका

ऑफिसात त्यांना सगळे किडेबाई म्हणत. गेममधली चूक म्हणजे किडा, आणि किडे शोधायचा पगार घेणारी बाई म्हणून किडेबाई. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, आणि बाईंनीही ते कधी मनाला लावून घेतलं नाही. नव्या माणसाला ते आडनावच वाटे. एका नव्या कारकुनाने तर ओळखपत्रावर तेच छापून आणलं. बाईंनी ते कार्ड तीन वर्षं गळ्यात घातलं.

व्हिडिओ गेम काढणाऱ्या कंपनीत त्या टेस्टर होत्या. ऐकणाऱ्याला वाटायचं, काय मजा आहे, दिवसभर खेळायचं आणि वर पगार घ्यायचा. प्रत्यक्षात ते काम म्हणजे पडद्यावरचं एकच दार चारशे वेळा उघडायचं. पळत जाऊन, चालत जाऊन, दाराकडे पाठ करून. भिंतीला खांदा घासत खोलीला पूर्ण फेरी मारायची आणि कुठे फट सापडते का बघायची. दर पाच मिनिटांनी वहीत नोंद करायची. त्याआधी बाई बल्बच्या कारखान्यात तपासनीस होत्या. दोन्ही कामांत फरक काय, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "तिथे बल्ब पेटला की पुढचा घ्यायचा. इथे पेटला तरी विचारायचं, बाबा, तू का पेटलास?"

बावीस वर्षांपूर्वी कंपनी म्हणजे दोन खोल्या आणि पाच माणसं होती. खाली सोफे दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं, त्याची हातोडी दिवसभर पायाखाली ठोकत असे. साहेब तेव्हा सायकलवर येत आणि फुंकर मारली तर उडून जातील असे दिसत. बाजारात सगळीकडे गोळीबाराचे आणि गाड्या पळवण्याचे गेम चालत असताना या माणसाने काय काढावं, तर नावाड्याचा गेम. नदीच्या या काठावरची माणसं त्या काठावर सोडायची, वाटेत त्यांचं बोलणं ऐकायचं, बस्स. विक्रेत्यांनी नाकं मुरडली. हा गेम चालला नसता तर सोफेवाल्याला वरच्या दोन खोल्या गोदामाला मिळणार होत्या, आणि तो तसं हसत हसत बोलूनही दाखवायचा.

गेम तयार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सीडींच्या छपाईला जायचा होता. दुपारी बाई तिसऱ्या धक्क्यावर शेवटचा हात फिरवत होत्या. नाव दगडी भिंतीला लावून त्यांनी वल्हं तीनदा झटक्यात मारलं, आणि नाव भिंतीतून आरपार गेली. पलीकडे काहीच नव्हतं. काठ नाही, झाड नाही, माणूस नाही. चित्रकाराने जिथे रंग थांबवला होता तिथून पुढे नुसतं फिकट पाणी आणि तसलंच आकाश. वल्ह्याचा आवाज तेवढा येत होता, तोही दोनदा. एक वल्ह्याबरोबर आणि एक मागाहून, दबका.

नियमाप्रमाणे बाईंनी चिठ्ठी लिहिली. चूक कुठे, कशी, किती वेळा. चिठ्ठी प्रोग्रॅमरच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये टाकायची असे. प्रोग्रॅमर दोन दिवस घरी गेला नव्हता, डोकं टेबलावर टाकून बसला होता. बाई चिठ्ठी हातात घेऊन उभ्या राहिल्या, मग परत आपल्या खुर्चीत येऊन बसल्या. नाव अजून तिथेच तरंगत होती. त्यांनी पाचदहा मिनिटं उगाच वल्हं मारलं. मग चिठ्ठीची घडी घालून पर्समध्ये टाकली. प्रोग्रॅमरची कीव आली म्हणून टाकली, की त्या रिकाम्या पाण्यात बरं वाटलं म्हणून, हे त्यांनी पुढेही कधी नीट निवडून पाहिलं नाही.

नावाड्याचा गेम तुफान चालला. आणि दोन महिन्यांत लोकांना ती भिंत सापडली. साहेबांनी बाईंना बोलावून सगळ्यांसमोर झाडलं.

"एवढी धडधडीत भिंत, आणि तुम्हाला दिसली नाही? बल्ब बरे होते तुमचे!"

बाईंनी खाली मान घालून ऐकून घेतलं. त्या वर्षी टेस्टिंगचा प्रमुख म्हणून बाहेरचा माणूस आला आणि बाई दुसऱ्या नंबरच्या खुर्चीत राहिल्या त्या राहिल्याच. इकडे लोकांनी त्या जागेला 'मोकळं पाणी' असं नाव दिलं. माणसं तिथे जाऊन नुसती बसत. कुणी परीक्षेच्या आधी, कुणी घरात भांडण झाल्यावर. साहेबांकडे पत्रं यायला लागली की ही जागा बुजवू नका. साहेबांनी बुजवली नाही. माफी मात्र मागितली नाही, आणि बाईंनीही तोंड उघडलं नाही.

घरी सासूबाई हा गेम खेळत. बाईंनी एक प्रत आणली होती, ती सासूबाईंनी ताब्यात घेतली. वीस वर्षं रोज दुपारी जेवण झालं की त्या चार फेऱ्या मारत. बाईंचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे, ते म्हणत, "मी दिवसभर माणसं वरखाली करतो, आई या काठावरून त्या काठावर करते. घरात स्वस्थ बसलेलं कुणी नाही."

कंपनी वाढली. दोनशे माणसं, काचेची इमारत, कॉफीचं यंत्र. साहेब जाड झाले, त्यांचे गुडघे कुरकुरू लागले. मधल्या काळात तीन नवे गेम सपशेल पडले. तेव्हा ठरलं, नावाड्याचा रीमेक करायचा. तीच नदी, तोच नावाडी, फक्त चित्रं नव्या जमान्याची. लोकांना ठाऊक असलेली वस्तू लोक डोळे मिटून घेतात, असं जाहिरात विभागाचं म्हणणं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

पण जुन्या खेळाडूंना जुन्या चुकाही हव्या होत्या. म्हणून एक यादी निघाली, 'राखून ठेवायच्या चुका'. एकूण सतरा. एक शेळी नावेच्या तळात कमरेपर्यंत रुतायची. एक म्हातारा फळीवर न बसता फळीच्या वीतभर वर बसायचा. चंद्र कधीमधी भर दुपारी उगवायचा. पहिल्या क्रमांकावर अर्थातच मोकळं पाणी. आयुष्यभर चुका काढल्या, आता चूक जागेवर नसेल तर तक्रार लिहायची! बाईंनी पहिल्या दिवशी लिहिलं, 'शेळी रुतत नाही. कृपया रुतवावी.' टेस्टिंगच्या खोलीत दिवसभर हशा पिकत राहिला.

याच दिवसांत त्यांच्याकडे आणखी एक गेम तपासायला आला. मागच्या बाजूच्या सामानाच्या खोलीत चार जण काहीतरी नवं करत बसले होते. त्यांची म्होरकी म्हणजे जाड भिंगांची एक मुलगी, तिला सगळे चष्मेवाली म्हणत. गेम असा होता की वादळानंतर टेलिफोनच्या तारा जोडणारा एक माणूस खांबाखांबावर चढतो. तार जोडली की कुणाचं तरी अर्धं बोलणं कानावर येतं. सगळ्या तारा जोडायला वेळ पुरत नाही, कुणाचं बोलणं जोडायचं आणि कुणाचं सोडायचं ते आपणच ठरवायचं. गुण नाहीत, शत्रू नाही, शेवटी टाळ्या नाहीत.

"बाई, काय वाटतं ते खरं सांगा हं," चष्मेवाली म्हणाली.

"वाटण्याचा पगार मला मिळत नाही. मी मोजते," बाई म्हणाल्या.

त्यांनी मोजलं. एकशे चौदा चुका निघाल्या. खांब हवेत लटकतात, शिडी हातातून नाहीशी होते, एका बाईचं बोलणं पुरुषाच्या आवाजात येतं. अहवाल वर गेला. आठवड्याभराने कळलं, तारांचा गेम बंद करायचा आणि चौघांनी रीमेकच्या कामाला लागायचं. चष्मेवाली बाईंच्या टेबलापाशी आली, त्यांच्या खोडरबराशी चाळा करत उभी राहिली आणि निघून गेली.

बाईंचं काम चालूच होतं. मोकळं पाणी नव्याने बांधायचं काम एका दाढीवाल्या प्रोग्रॅमरकडे होतं. नव्या गेममधल्या भिंती पक्क्या होत्या, त्यातून नाव आरपार जाणं शक्यच नव्हतं. म्हणजे आता ती चूक मुद्दाम घडवायची होती. तो बांधायचा आणि बाई शेजारी बसून बघायच्या.

"आकाश जास्त निळं झालं."

"कमी करतो."

"नाव एवढी हलत नव्हती."

"बरं. आता?"

"आता जमलं. फक्त आवाज चुकला. वल्हं दोनदा वाजायचं. एक मागून, दबका."

दाढीवाल्याने जुना गेम लावला आणि भिंतीपलीकडे जाऊन वल्हं मारलं. आवाज एकदाच आला. त्याने तीन वेळा करून दाखवलं. मग जुन्या नोंदी उघडून पाहिल्या.

"मॅडम, दोनदा वाजत होतं, बरोबर आहे तुमचं. पण ते छपाईच्या आदल्या संध्याकाळी दुरुस्त झालंय. बाहेर गेलेल्या प्रतीत कधीच दोनदा वाजलं नाही." त्याने नोंदींवरून मान वर केली. "सगळे तर म्हणतात, तुम्हाला ही जागा गेम बाहेर आल्यावर कळली."

बाईंच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. थापा मारायची सवय नव्हती, आणि बावीस वर्षांनी नवी थाप शिकायची हौसही नव्हती. त्यांनी सांगून टाकलं.

दाढीवाला मनाने वाईट नव्हता, पण पोटात काही ठेवणारा नव्हता. कॉफीच्या यंत्रापाशी जे बोललं जातं ते वर जायला लिफ्ट लागत नाही. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता साहेबांनी बोलावलं.

साहेब पाय स्टुलावर ठेवून बसले होते. "बसा. तेव्हा दिसली होती म्हणे भिंत?"

"हो."

"मी एवढा बोललो तुम्हाला. तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ती बुजवली असती."

साहेब गुडघा चोळू लागले. "बुजवलीच असती," ते म्हणाले. "तेव्हाच्या तेव्हा. दुसरं काय केलं असतं?"

त्यांना राग आला नव्हता, की आला असून गुडघ्याच्या दुखण्यात मिसळून गेला होता, बाईंना कळेना. जाण्यासाठी त्या उठल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "तारांच्या गेमचा माझा अहवाल तुम्ही वाचला का?"

"वाचला की. एकशे चौदा."

"वेळेचा रकाना पाहिलात? मी दर पाच मिनिटांनी नोंद करते. त्यात एका ठिकाणी चाळीस मिनिटं कोरी आहेत."

"झोप लागली?"

"नाही. लिहायचं राहिलं. त्या तारेवर एक म्हातारी बोलत होती, ती सोडून पुढच्या खांबावर जाववेना. बावीस वर्षांत माझं असं पहिल्यांदा झालं."

"म्हणजे चालेल हा गेम?"

"ते मला माहीत नाही. नाही चालणार बहुतेक."

साहेब हसले. "हे बघा बाई, नावाडी काढला तेव्हा बुडालो असतो तर पाच जण बुडालो असतो. मी परत कुठेतरी नोकरी धरली असती. आज खाली दोनशे माणसं बसलीत. त्यातल्या निम्म्यांची मुलं शाळेत आहेत. मला नवं नको असतं असं का वाटतं तुम्हाला?"

"तसं मी म्हटलं नाही."

"नाही म्हटलंत," साहेबांनी कबूल केलं.

त्या दिवशी तेवढंच झालं. रीमेक बाजारात आल्यावर मात्र साहेबांनी चष्मेवालीला बोलावून सांगितलं, "सहा महिने. तेच चौघं, तीच खोली. जाहिरातीला काही मिळणार नाही. पडला तर कुणी विचारणार नाही, आणि चालला तर मी म्हणेन की मला आधीपासून माहीत होतं."

रीमेक तुफान चालला. सतराही चुका जागच्या जागी होत्या. मोकळ्या पाण्यात मात्र जाहिरात विभागाने एक सोनेरी पाटी तरंगत ठेवली, 'अभिनंदन! तुम्हाला मोकळं पाणी सापडलं!' बाईंनी ती अठरावी चूक म्हणून लिहून दिली. उत्तर आलं, तसंच ठेवायचं आहे. सासूबाईंनी नवा गेम दोन दिवस खेळला आणि तिसऱ्या दिवशी जुनाच लावला. "चित्रं छान आहेत गं," त्या म्हणाल्या, "पण हा नावाडी फार बोलतो. मला माणसांचं ऐकू येत नाही."

सहा महिन्यांचे आठ महिने करून तारांचा गेम बाहेर पडला. एकशे चौदापैकी एकशे नऊ चुका दुरुस्त झाल्या होत्या. पाच काही केल्या दुरुस्त होईनात, त्या तशाच गेल्या. त्या आठवड्यात एका मोठ्या कंपनीचा मोठा गेम आला होता, त्यामुळे याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. पुढे चार-दोन ठिकाणी बरं लिहून आलं. काही लोकांनी लांबलचक पत्रं पाठवली, त्यातलं एक टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाचं होतं. खांबावर चढताना आधी कुठला पाय टाकतात ते तुम्ही चुकवलंय, एवढंच त्यात चार पानं समजावलं होतं. खर्चही निघाला नाही. साहेब म्हटल्याप्रमाणे कुणाला काही बोलले नाहीत, पण सामानाच्या खोलीत पुन्हा सामान आलं.

चष्मेवाली नोकरी सोडून दुसऱ्या गेम कंपनीत गेली. वर्षभराने तिने बाईंना चहाला बोलावलं. कोपऱ्यावरच्या हॉटेलात दोघी समोरासमोर बसल्या. तिच्या चष्म्याची भिंगं आणखी जाड झाली होती.

"तिकडे काय करतेस?" बाईंनी विचारलं.

"रीमेक."

बाईंना ठसका लागला. हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

मग चष्मेवालीने बशीत सांडलेला चहा रुमालाने टिपला आणि म्हणाली, "बाई, मी पुढेमागे स्वतःचं काही काढलं तर याल?"

"किती जण असाल?"

"दोघी. तुम्हाला धरून."

"मग खुर्ची बरी घे माझ्यासाठी," बाई म्हणाल्या. "पाठ धरते हल्ली."

ते काही अजून निघालेलं नाही. बाई त्याच कंपनीत आहेत. प्रमुख निवृत्त झाल्यावर ती जागा शेवटी त्यांना मिळाली. पण त्या पहिल्या नंबरच्या खुर्चीत बसत नाहीत, तिथे दुपारचं ऊन पडद्यावर येतं.