दोघांना दिसला तर दिसला

माझ्या मुलीच्या सासऱ्यांइतका शांत माणूस डहाणूपासून तलासरीपर्यंत दुसरा नसेल, आणि इतक्या शांतपणे दुसऱ्याचा छळ करणाराही नसेल. झाईच्या अलीकडे त्यांची चिकूची वाडी आहे. पलीकडे लगेच गुजरात, त्यामुळे बोलण्यातही तिकडचं थोडंफार आलेलं. वाडीत चोर शिरला तरी हे आधी त्याला ‘शांती राखा’ म्हणतील, असं विहीणबाई सांगतात. लग्नाची बोलणी करायला ते आमच्या मसोलीच्या घरी आले तेव्हा मानपान, दागिने, हॉल यांतल्या कशाचीही चौकशी न करता त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “लांबचं नीट दिसतं ना तुम्हाला?” मी म्हटलं, “दिसतं. फक्त वाचायला चष्मा लागतो.” “बस, मग जमलं आपलं,” ते म्हणाले आणि पोह्यांकडे वळले. किती साधा माणूस, असं मला वाटलं. आपण कशासाठी पसंत पडलो ते मला लग्नानंतर कळलं.

व्याह्यांना पक्षी बघायचा नाद आहे. त्यातही मोर, धनेश असले डोळ्यांत भरणारे पक्षी त्यांच्या लेखी फुकट. त्यांचा सगळा जीव वटवट्यांवर. वटवट्या म्हणजे बोटभर लांबीचा, मातकट रंगाचा, एका जागी क्षणभर न टिकणारा जीव. थंडीत उत्तरेकडून येतो आणि चैत्राच्या सुमारास परत निघतो. जाती पुष्कळ, आणि माझ्या डोळ्यांना सगळ्या एकसारख्या. दोन वटवट्यांत फरक काय, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, “भुवई.” पक्ष्याला भुवई असते हे मला नोकरीतून निवृत्त झाल्यावर समजलं. उभा जन्म बँकेत काढलेला मी माणूस. कावळा आणि चिमणी मला ओळखता येतात, तेही समोर येऊन बसले तर.

पण मुलीकडची बाजू पडली, नाही कसं म्हणणार? होळी झाली की अंधारातच त्यांची व्हॅन दारात येऊन उभी राहते. हॉर्न वाजवत नाहीत, नुसते थांबतात, आणि आपल्यासाठी कुणीतरी मुकाट थांबलंय या विचारानेच माझी झोप उडते. झरीच्या पुढे राखलेल्या रानात एक तळं आहे, तिथे आम्ही जातो. निघण्याआधी माझी तपासणी होते. पांढरा सदरा चालत नाही, करकरणाऱ्या चपला चालत नाहीत. एकदा बायकोने डब्यात खाकरे दिले होते. व्याह्यांनी डबा उघडून पाहिला आणि सुतकी चेहऱ्याने बंद केला. “व्याही, खाकरा म्हणजे लाऊडस्पीकर. चिकू खा. चिकूचा आवाज होत नाही.” तेव्हापासून तळ्याकाठी मी फक्त चिकू खातो.

मला नेण्याचं खरं कारण मात्र वेगळं होतं. पूर्वी त्यांच्याबरोबर त्यांचे शाळेपासूनचे मित्र असत, जनावरांचे डॉक्टर. खूप वर्षांपूर्वी डॉक्टरांनी एकट्याने कुठलासा पक्षी पाहिला, यांनी तो मानला नाही, आणि दोघं अख्खा पावसाळा एकमेकांशी बोलले नाहीत. पुढे समेट झाला तो या अटीवर, की दोघांना दिसला तर दिसला, एकट्याला दिसला तो दिसलाच नाही. ही अट दोघांनी कोर्टाच्या हुकमाच्या वर पाळली. आमची बोलणी व्हायच्या आधीच्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी अंथरूण धरलं आणि त्यांची मुलगी त्यांना सुरतेला घेऊन गेली. त्यांच्या जागी मी आलो, लांबचं दिसणारा.

एका वटवट्याने मात्र त्या दोघांना जन्मभर चकवलं होतं. पुस्तकात त्याचं नाव लांबलचक आहे, हे त्याला पळपुट्या म्हणायचे. तो उडत नाही, गवताच्या बुडख्यांतून उंदरासारखा पळतो. “डॉक्टर आहे तोवर एकदा दिसायला हवा,” असं व्याही यंदा गाडी चालवताना म्हणाले.

त्या सकाळी तळ्यावर वारा नव्हता. पाणी आटून काठाला गवताचा पट्टा उघडा पडला होता. आम्ही बराच वेळ बसून होतो आणि माझे पाय आखडले होते, एवढ्यात व्याह्यांनी माझं मनगट धरलं. “ते सुकलेलं पातं, वाकडं, त्याच्या खाली!” मी दुर्बीण लावली. त्या काठावर सगळीच पाती सुकलेली आणि सगळीच वाकडी. “डावीकडे! आता उजवीकडे! अहो, बाहेर आला!” मी जीव तोडून बघत होतो. मला गवत दिसलं. मग गवत हललेलं दिसलं. मग ते हलायचंही थांबलं.

“दिसला?” त्यांनी विचारलं.

खोटं बोलायची इतकी इच्छा मला आयुष्यात कधी झाली नव्हती. पण तो माणूस माझ्याकडे अशा काही विश्वासाने बघत होता, की माझ्या तोंडून निघालं, “नाही हो, व्याही.”

“शांती राखा,” ते म्हणाले. मला की स्वतःला, ते कळलं नाही. मग खाली बसले.

“डॉक्टरांना फोन करा,” मी म्हटलं.

“आणि काय सांगू? अर्धा दिसला?”

मला त्यांचा रागच आला. त्यांच्याच खिशातून मोबाईल काढून मीच तो स्पीकरवर लावला. त्या काठावर मोबाईल कधी महाराष्ट्रात असतो, कधी गुजरातेत, पण लागला. तिकडे त्यांच्या मुलीने फोन डॉक्टरांच्या कानाशी धरला असावा. आधी नुसता श्वास ऐकू आला.

“डॉक्टर, पळपुट्या दिसला,” व्याही म्हणाले. “पण मला एकट्याला. व्याह्यांना नाही दिसला. म्हणजे नाहीच.”

मग अगदी बारीक आवाज आला, “पाठ कशी होती?”

“काळ्या रेघा. ठळक.”

“पाय?”

“फिके गुलाबी.”

“भुवई?”

“असून नसल्यासारखी. शेपूट गोल रे, डॉक्टर. बाहेर आला, मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पळाला. उडाला नाही. पळाला.”

पुन्हा श्वास. आता फोन कट झाला की काय म्हणून मी पुढे वाकलो.

“कुठल्या बाजूला पळाला?”

“तुझ्या दगडाच्या बाजूला. तू बसायचास ना, तिकडे.”

“हां,” डॉक्टर म्हणाले. “दिसला मला. झालो आपण दोघं.”

व्याह्यांनी फोन बंद केला नाही. कानाशी धरून तसेच पाण्याकडे तोंड करून बसले. मी उठून जरा लांब जाऊन उभा राहिलो, कारण त्या दोघांत तिसऱ्याचं काही काम नव्हतं.