थाळीच्या सिग्नलवर

आमच्या घरात माझ्या डोळ्यांना माझ्यापेक्षा जास्त मान आहे. मी झाशीत रेल्वेचा इंजिन ड्रायव्हर. डोळ्यांच्या तपासणीत नापास झालं की इंजिनवरून उतरवून टेबलाशी बसवतात, हे बायकोला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. (गाजराची कोशिंबीर मी तेव्हापासून खातोय.)

त्या वर्षी तपासणी सोमवारी होती, आणि रविवारी मला झाशीच्या नगरा भागातल्या आमच्या घरच्या स्वयंपाकघराचा फुगलेला चुन्याचा गिलावा पाडायची हुक्की आली. मिस्त्री मंगळवारी येणार होता. पण इंजिन चालवणाऱ्याला गिलावा पाडता येत नाही की काय? बायको म्हणाली, खुशाल पाडा, पण गॉगल घालून. आणि स्वयंपाकघरात असेपर्यंत तो काढायचा नाही.

मी गॉगल चढवला, नाक, तोंड, कान गमछ्यात गुंडाळले. पाच मिनिटांत गमछ्यातली वाफ वर चढून काचा आतून धुरकटल्या. समोर नुसतं जानेवारीतलं धुकं! आता धुक्यात गाडी चालवण्यात माझा हात धरणारा कोणी नाही (असं मीच सांगतो). धुक्यात आम्ही कानांवर चालतो. रुळावरचा फटाका चाकाखाली वाजला की पुढे सिग्नल आहे असं समजायचं. गमछ्यातून बोलणं ऐकू येईना, म्हणून मी बायकोच्या हाती थाळी आणि उलथनं दिलं.

"थाळी वाजतेय तोवर मी ठोकणार. नळाचा पाइप जवळ आला की वाजवणं बंद कर, मी थांबेन."

"अहो, त्यापेक्षा अंगणात जाऊन काचा पुसा ना."

"अगं, चालती गाडी अशी मधेच थांबवत नाहीत."

अर्धा तास गाडी झकास धावली. मग थाळी थांबली, मी थांबलो. लगेच ती पुन्हा वाजू लागली, तीही दुप्पट जोरात. मीही दुप्पट जोरात ठोकलं. बायको माझा सदरा ओढत होती. मला वाटलं, शाबासकी देतेय.

थाळी शेजारच्या तिवारीजींकडे वाजत होती. इकडे मूल जन्मलं की थाळी वाजवतात, आणि त्यांना नातू झाल्याची बातमी नेमकी तेव्हाच आली होती.

पाइप फुटला. पाण्याचा फवारा तोंडावर आला, मी दचकून गॉगल ओढून काढला, आणि कपाळावर साचलेला चुना थेट डोळ्यांत उतरला. आग आग झाली. उद्याची तपासणी गेली, इंजिन गेलं, असं वाटून मी खरंच घाबरलो. बायकोने माझी मानगूट धरून डोकं त्या फुटक्या पाइपाखालीच घातलं. "डोळे उघडे ठेवा," ती म्हणाली. तिने मला कितीतरी वेळ हलू दिलं नाही.

तेवढ्यात तिवारीजी पेढे घेऊन आले. "नाती भओ है, भैयाजी. अरे, आप काहे रो रहे हो?"

सोमवारी डॉक्टरांनी दोन्ही डोळे निरखले. "थोड़ी लाली है। नज़र एकदम साफ़।"

रेल्वेने गाडीभर माणसं पुन्हा माझ्या हवाली केली. बायकोने मात्र हातोडी आजतागायत दिलेली नाही. परवा कॅलेंडरसाठी खिळा हवा होता, तो गॉगल घालून तिनेच ठोकला. मला थाळी वाजवायला उभं केलं होतं.