वेलावेलाचं शेंदाड

दिवाळीच्या आधीच्या रविवारी नालवाडीतल्या शेतकरी बाजारात मला एका दुर्मिळ फळाचा शोध लागला. शोध म्हणजे काय, टोपलीवर पाटीच होती: 'दुर्मिळ देशी फळ. रासायनिक खताशिवाय.' खाली केळीच्या पानावर लिंबाहून जराशी मोठी, पिवळी, पट्ट्यापट्ट्यांची शेंदाडं नटूनथटून बसली होती.

खताशिवाय, हे अगदी खरं. शेंदाडाला खत घालायची बुद्धी आजवर कुणाला झालेली नाही. ते कपाशीच्या पऱ्हाटीत न बोलावता उगवतं आणि निंदणाऱ्या बाया ते उपटून बांधावर, आमच्याकडच्या भाषेत धुऱ्यावर, फेकतात.

"हे लावता कसं?" मी मुद्दाम विचारलं.

"हे निसर्ग लावतो," खादीच्या साडीतल्या विक्रेत्या बाई म्हणाल्या. निसर्गाचा भाव मात्र सफरचंदाच्या वर होता. मी किलोभर घेतली.

अल्लीपूरला आमच्या शेतात ही मुबलक व्हायची. माय दर दिवाळीला पिशवीभर घेऊन एसटीनं यायची आणि फ्लॅटभर वास सुटायचा. सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे नवा सोफा आला. त्या दिवाळीत मी तिला म्हणालो, "माय, हा कचरा कायले वाहून आणतं? इथं कोणी खात नाई." ती "बरं" म्हणाली. पुढच्या वर्षीपासून तिनं काही आणलं नाही. घरात सोफा आला की माणसाला अक्कल येते, असा माझा तेव्हा समज होता.

तर त्या रविवारी संध्याकाळी मी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांना सपत्नीक बोलावलं. बायकोनं फोडी करून वर जिरं-मीठ भुरभुरलं. मी आपली माती, आपलं वाण यावर चार शब्द बोललो. चाराचे चाळीस झाले. मग प्राध्यापकांनी फोड तोंडात घातली. माणूस सुसंस्कृत, त्यामुळे त्यांनी ती गिळली. त्यांच्या पत्नीनं रुमाल काढला. मी स्वतः एक खाल्ली. कडूजहर.

"औषधी असेल," प्राध्यापक म्हणाले.

ते गेल्यावर मी मायला फोन लावला. बाजारातल्या बाईंनी कसं फसवलं, ते मला कुणाला तरी सांगायचं होतं.

"माय, शेंदाड कडू असते का?"

"असते ना. अर्धे वेल कडूच राह्यते."

"मले तर लहानपणापासून एकही कडू नाई भेटलं."

"कसं भेटन? वेलावेलाचं एकएक चाखा लागते. कडू निघालं का थुकाचं आन् तो वेल सोडाचा. मी चाखूनच तर देत होती तुले."

इतकी वर्षं सगळी कडू तिच्या तोंडात गेली होती आणि मी सोफ्याला वास लागेल म्हणून काळजीत होतो. लाज वाटली. ताटलीतल्या फोडी अजून तशाच पडल्या होत्या.

"उद्या येऊ का शेतात?" मी विचारलं.

"ये ना. पण कचऱ्यासाठी सुट्टी काढतं?"

आवाजात राग नव्हता. शब्द मात्र सहा वर्षं तिनं जपून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी गेलो. मायचे गुडघे आता वाकत नाहीत. ती धुऱ्यावर पाण्याची बाटली घेऊन बसली आणि तिथून हातानं वेल दाखवत राहिली. पहिला कडू निघाला. दुसराही कडू. तिसऱ्याला तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते कडवटपणाचं, असं मी तिला सांगितलं.

"थुक. पुढचा पाह्य," ती म्हणाली.

पाचवा वेल गोड निघाला. त्यातलं एक पिकलेलं शेंदाड मी सदऱ्याला पुसलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं ते नाकाशी नेलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"चाखलं?"

"चाखलं."

मगच तिनं ते तोंडात घातलं.