डॅशबोर्डवरचं कुंकू

बाबांच्या जुन्या गाडीला आतून नवा रंग लावून घेत होते. दारं घासून झाली, पण डॅशबोर्डपाशी रंगारी थांबला. आई दर दसऱ्याला तिथं कुंकू लावायची; त्याचा डाग पत्र्यावर पक्का बसला होता. पॉलिश पेपर माझ्या हातात देत तो म्हणाला, "ताई, हे तुम्हीच पुसा."

मी देवाधर्माचं फारसं मानत नाही, तरी हात पुढे होईना. नुसता डागच तर आहे. बाबा जाऊनही सहा वर्षं झाली. मग मी नेमकं काय पुसायला घाबरत होते? शेवटी आईलाच विचारलं.

तिनं मोकळ्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला.

"पूस की. माझं पुसताना कुठं कुणी एवढा विचार केला होता?"