परसूचा डावा कान

सकाळपासून बारीक थेंब पडत होते. बंगळुरात जुलैला पडतात तसे. छत्री उघडावी तर लाज वाटते, न उघडावी तर तासाभरात शर्ट भिजतो. अलसूरच्या गल्लीत गिरीधरनं दुकानाचं शटर निम्मंच वर केलं, हीट प्रेस तापत ठेवला आणि जर्सींचा गठ्ठा पुढ्यात ओढला. बापाचं शिंप्याचं दुकान. फुटबॉल सुटल्यावर तो इथं बसला आणि शाळांच्या, कंपन्यांच्या टीमांचे नंबर चिकटवू लागला. शनिवारी-रविवारी मात्र कोट घालून टीव्हीवर.

पंधरा वर्षं तो शहरातल्या एका क्लबाचा गोलकीपर होता. आवाज असा, की मैदानाबाहेरच्या चुरमुरीवाल्याच्या हातून कांदा सांडावा. त्या आवाजावरच चॅनेलवाल्यांनी त्याला कन्नड समालोचनाला घेतलं. प्रोड्युसर रूपश्री पहिल्याच दिवशी म्हणाली, "आकडे मोहनकुमार सांगतील, सर. तुम्ही आतलं सांगा. मैदानात उतरल्याशिवाय कळत नाही ते."

गिरीधरकडं आतलं असं एकच होतं, आणि ते कुणाला सांगायचं नव्हतं.

परसू आनेकलचा. डावा बॅक, गिरीधरपेक्षा पाच वर्षांनी लहान. क्लबात आल्याच्या दुसऱ्या वर्षी एका कॉर्नरला गिरीधर बॉल ठोसायला पुढं झेपावला. बॉल हुकला, आणि मूठ बसली परसूच्या डाव्या कानावर. तो कान गेला तो गेलाच. क्लबला कळलं असतं तर पोराला घरी धाडलं असतं. दोघांनी तोंड मिटलं.

तेव्हापासून गिरीधर ओरडायला लागला. "परसू, बाहेर. परसू, मागं." डावीकडून कोण येतंय ते परसूला ऐकू यायचं नाही, म्हणून पाठीमागून हा घसा फाटेस्तोवर. टीममधली पोरं म्हणायची, "गिरीअण्णा, बायकोवर तरी एवढा ओरडतोस का?"

परसू हसायचा. "माझा रेडिओ हाय तो. बंद करू नका."

गिरीधरनं खेळणं थांबवलं. परसूचं अजून चाललं होतं. पुढच्या दोन वर्षांच्या कराराची बोलणी व्हायची होती. नवा कीपर सुधींद्र हाताचा चपळ, पण तोंडाचा गरीब. मोसमातल्या तिसऱ्या मॅचला समोरचा विंगर परसूच्या डाव्या अंगानं आत शिरला. परसूनं मान वळवली नाही. समालोचनाच्या खोलीत काचेमागं गिरीधर खुर्चीतून अर्धा उठला होता. गोल. वीस मिनिटांनी पुन्हा तसाच.

शेजारी बसलेला मोहनकुमार माइकवर हसला. "वय झालं, पाय जड झाले. की सरळ आळस म्हणायचा, गिरीधर?"

आळस हा शब्द गिरीधरला सोसला नाही.

"आळशी नाही तो. डाव्या कानानं ऐकू येत नाही त्याला. असाच खेळलाय इतकी वर्षं. मागून सांगणारा असेल तर आजही त्याच्यासारखा बॅक या शहरात नाही."

बोलताना त्याला वाटलं, मित्राची बाजू घेतली. काचेपलीकडून रूपश्रीनं अंगठा उंचावला. मॅच संपल्यावर म्हणाली, "असलंच हवं होतं, सर. पूर्ण सीझन तुम्हीच करा."

सोमवारी क्लबनं परसूचा कान तपासून घेतला आणि त्याला सांगितलं, जरा विश्रांती घे. कराराचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. परसू फोन उचलेना.

गुरुवारी गिरीधर बसनं आनेकलला गेला. परसूच्या आईनं, भागीरथीबाईंनी, काफी पुढं केली. "मला बी ठाऊक नव्हतं रे, गिरी," त्या म्हणाल्या. "हाक मारली तरी बघायचा नाही. मी म्हणायची, पेपरात फोटो आला म्हणून माजला. एकदा तर दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी."

परसू मागल्या अंगणात रेशमाच्या किड्यांसाठी तुतीचा पाला चिरत बसला होता. गिरीधर त्याच्या उजव्या हाताला टेकला. बरोबर बसायचं तर त्याच बाजूला, ही सवय अंगातच मुरलेली.

"टीव्हीवर छान दिसतोस, अण्णा," परसू म्हणाला. "कोट चांगला बसलाय."

मग उठला, पाट-विळी उचलली, पाल्याची टोपली घेतली आणि गिरीधरच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसला. आता त्याचा डावा कान गिरीधरकडं होता.

गिरीधर बोलत राहिला. मूठ माझी होती, तोंडही माझंच होतं. तुला आळशी म्हणाले ते मला ऐकवलं नाही रे. विळीवर पाला सरकत होता, परसूची मान खाली होती. जरा आवाज चढवला असता तर त्याच्या उजव्या कानापर्यंत सहज गेला असता. उभ्या मैदानावर पोचायचा तो आवाज, हातभर अंतरावर चढला नाही. काफी तशीच राहिली.

शुक्रवारी सकाळी, त्या बारीक थेंबांत, दुकानात फोन वाजला. रूपश्री होती.

"सर, शनिवारची मॅच लक्षात आहे ना? मागच्यासारखं काहीतरी आतलं असू दे, स्वल्प, थोडंसंच."

"आता काही नाही उरलं," गिरीधर म्हणाला.

"काय? आवाज येत नाही, सर. जोरात बोला."

बाहेर थेंब पडतच होते.

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला. "येतो."

हीट प्रेसची शिट्टी वाजली. त्यानं झाकण उचललं. सतरा नंबर तिरका बसला होता. गरम आहे तोवरच नखानं सोलून काढला, पट्टी लावून पाठीचा मध्य पुन्हा मोजला, आणि नवा नंबर ठेवून झाकण दाबलं.