पायरीवरचं जेवण

"हिला कागदाची डिश दे गं. आणि पोरी, तू हितंच बस पायरीवर. वारं बघ कसं छान लागतंय."

सरपंचांची बायको म्हणाली. आवाजात राग नव्हता. उलट मायाच होती. ओसरीवर स्टीलची ताटं मांडली होती. एक मॅनेजर सरांना, दोन वायरमनना, एक माझ्याबरोबरच्या ऋतुजाला. माझं ताट नव्हतं. माझ्या हातात कागदी डिश आली, बारशाला चिवडा देतात तसली. तिच्यात भात पडला. वरून. हाताला हात लागू नये इतक्या वरून. आमटी डिशमध्ये मावली नाही. कडेनं गळून माझ्या ओढणीवर आली.

मी ओसरीकडं बघितलं. सगळ्यांनी ताटात मान घातली होती.

मी जेवले. सकाळपासून पंपघरात उभी होते, भूक होती. पण भुकेमुळं जेवले असं नाही. उठून जाता येतं, हेच सुचलं नाही. जेवण झाल्यावर बाई म्हणाल्या, "ती डिश लांब टाक बाई, गोठ्याच्या मागं." मी टाकून आले. चूळ भरायला पाणी मागितलं. तेही वरून ओतलं. मी ओंजळ धरली.

हे जुन्या काळातलं नाही. गेल्या उन्हाळ्यातलं आहे. ज्या पायरीवर मी बसले होते तिथून वाय-फायचा डबा दिसत होता. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

मी इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकते. आमचं गाव गुंजवणीच्या खोऱ्यात. वडलांना आम्ही आबा म्हणतो, ते गवंडीकाम करतात. आई दुसऱ्यांच्या खाचरांत भाताची रोपं लावायला, आवणीला जाते. आमच्या बौद्धवाडीतून इंजिनिअरिंगला गेलेली मी पहिलीच. कॉलेज हायवेच्या अंगाला. शेवटच्या वर्षाचं अर्धं सत्र कंपनीत काम करायचं असतं, कॉलेजात त्याला को-ऑप म्हणतात. कंपनीनं चांगला शेरा दिला तरच पास.

माझी कंपनी पाणीपुरवठ्याच्या पंपांची पॅनेलं बनवायची. पत्र्याची मोठी शेड, आत दिवसभर ड्रिलचा आवाज. मला ते काम मनापासून आवडलं. वायर सोलायची, टोकाला लग, म्हणजे तांब्याची टोपी, दाबायचा, नंबर घालायचा, बोल्ट आवळायचा. मग लॅपटॉप जोडून प्रोग्रॅम. टाकीतलं पाणी उतरलं की पंप आपोआप सुरू, भरलं की बंद, बिघाड झाला तर मोबाईलवर मेसेज. ऋतुजा आणि मी दोघींनी मिळून केलेला. ती भोरची, तिचे वडील बँकेत. आम्ही एकाच डब्यात जेवायचो. तिच्या आईच्या हातचं भरलं वांगं मला आवडतं म्हणून ती मुद्दाम जास्त आणायची. मैत्रीणच होती माझी. हे सांगायला पाहिजे.

ज्या गावात पॅनेल बसवायला गेलो ते आमच्या गावापासून दोन डोंगर पलीकडं. नाव घेत नाही. आमची नातीगोती तिथं नाहीत, पण आई तिथं आवणीला जाते. पॅनेल बसवलं, वायरमननी जोडण्या केल्या, मी प्रोग्रॅम टाकला. पंप सुरू झाला तेव्हा गावातली माणसं जमली होती. सरपंच स्वतः म्हणाले, "वा पोरी! आपल्याच भागातली दिसतीस. गाव कुठलं?"

मी गाव सांगितलं.

"आडनाव?"

आडनाव सांगितलं.

"म्हंजी घर कुठल्या अंगाला? देवळाकडं का वड्याच्या पलीकडं?"

शहरातल्या माणसाला हा पत्ता विचारणं वाटेल. आमच्याकडं हा पत्ता नसतो, ओढ्यापलीकडं म्हणजे आमची बौद्धवाडी. मी म्हणाले, "वड्याच्या पलीकडं."

"बरं बरं," सरपंच म्हणाले. हसू तसंच राहिलं. फक्त नंतर ते माझ्याशी बोलले नाहीत, मॅनेजर सरांशी बोलत राहिले. जेवायला त्यांच्या घरी गेल्यावर त्यांच्या बायकोनं मला निरखून बघितलं आणि कौतुकानं ओरडली, "बया! तू शांताची पोर व्हय? लई शिकलीस गं! आई सांगती सारखी." मला इतकं बरं वाटलं. कुणीतरी आईला ओळखतंय. मी ओसरीची पायरी चढायला पाय उचलला. आणि मग ती डिश.

येताना गाडीत ऋतुजानं मोबाईलवर गाणी लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं नेहमीसारखा डबा उघडला. "घे ना गं." मी घास घेतला. बाकीचा डबा तिच्याकडं सरकवला.

मी घरी काही सांगितलं नाही. काय सांगणार? जेवायला दिलं की. शिवी नाही, धक्का नाही. मी स्वतःलाच समजावत होते. म्हातारी बाई आहे. खेडं आहे. सोड. पण रोज आंघोळ करताना आठवायचं, हातात तांब्या घेतला की.

तिथली चाचणी राहिली होती. पुन्हा जायचं ठरलं. आदल्या दिवशी मॅनेजर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पुण्याचे, शांत स्वभावाचे. मला कधी एक शब्द वाकडा बोलले नव्हते. चहा मागवला माझ्यासाठी.

"उद्या तू तुझा डबा घेऊन ये," ते म्हणाले. "आपण तुला गाडीतच जेवायला बसवू. एसी चालू ठेवू. म्हणजे कुणालाच ऑकवर्ड नको."

म्हणजे ते बघत होते. त्या दिवशी त्यांना सगळं दिसलं होतं. त्यावर त्यांनी विचारही केला होता. आणि इतका विचार करून उत्तर काय काढलं, तर मला गाडीत बसवायचं. ज्यांनी पायरीवर बसवलं त्यांना काही विचारायचं नाही. अडचण त्यांची नव्हती. अडचण मी होते.

मी म्हणाले, "सर, मी डबा आणणार न्हाई."

"मग?"

"तुमच्याबरोबर जेवीन. ओसरीवर. न्हाईतर कुणीच तिथं जेवू नका."

सरांनी चष्मा काढला. "हे बघ, ते आपले कस्टमर आहेत. आपण तिथं पंप बसवायला जातो. समाज सुधारायला नाही."

दुसऱ्या दिवशी गाडी माझ्याशिवाय गेली. आमचा प्रोग्रॅम ऋतुजाच्या लॅपटॉपमध्ये घालून नेला. तिनं जाताना माझ्याकडं बघितलं नाही. नंतर मला कुठल्याच साईटला नेलं नाही. मला स्टोअरमध्ये बसवलं, स्क्रू आणि लग वेगळे करायला. मी विचारलं की एकच उत्तर: "साईटला प्रॉब्लेम होतो." शेवटी कंपनीचा शेरा आला. काम चांगलं, पण टीममध्ये मिसळत नाही. को-ऑपमध्ये नापास.

कॉलेजातल्या मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, थोडं सोसायचं होतंस ना! काहीच दिवस राहिले होते." तरी त्यांनी प्राचार्यांना सांगितलं. समिती बसली. तीन माणसं टेबलापलीकडं, मी अलीकडं.

"जातीचं नाव कुणी घेतलं?"

"न्हाई."

"शिवीगाळ?"

"न्हाई."

"जेवायला दिलं होतं?"

"व्हय."

त्यातल्या एकाला हसू आलं. त्यांनी ते रुमालात लपवलं. मग ऋतुजाला बोलावलं. ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. खूप हळू बोलली. "मला वाटलं तिलाच पायरीवर बसायचंय. वारं होतं तिथं." एवढं बोलून ती रडायला लागली. सगळ्यांनी तिला पाणी दिलं. ती माझी मैत्रीण होती, आणि तिला रडताना बघून मलाही वाईट वाटलं. इतकी मी मूर्ख.

मला कुणी पाणी दिलं नाही. मी रडत नव्हते.

नंतर प्राचार्यांनी एकटीला बोलावलं. मायेनं बोलले. कंपनी तयार आहे, शेरा बदलून देतील. मी फक्त मॅनेजर सरांसमोर म्हणायचं, माझा गैरसमज झाला. बस. एक वाक्य. पास.

"तुझ्या आईवडलांचा विचार कर," ते म्हणाले.

मी केला. आबांचे सिमेंटनं फाटलेले हात आठवले. पास झाले असते तर नोकरी लागली असती. खरंच तोंड उघडलं होतं मी ते वाक्य म्हणायला. पण निघालं दुसरंच.

"गैरसमज न्हाई झाला सर. मला नीट समजलंय."

त्यांनी दाराकडं बोट केलं.

एवढ्यात पाऊस लागला, आवण्या सुरू झाल्या. आईला त्या गावातून बोलावणं आलं नाही. ती स्वतः चालत गेली विचारायला. सरपंचांच्या बायकोनं बांधावरूनच सांगितलं, "यंदा माणसं पुष्कळ झाल्यात शांता." खाचरात तर दोघीच होत्या. आई परत आली, ओटीवर बसली, पायाचा चिखल वाळेपर्यंत उठली नाही. तेव्हा मला सगळं सांगावं लागलं.

आबा ऐकून म्हणाले, "पोरी, आपल्याला हितंच राह्याचंय. तू जाशील पुण्याला. आमी कुठं जावं?"

आई म्हणाली, "माझा कप येगळा असतोय तिथं. वळचणीला खोचल्याला. लगीन होऊन आल्यापासनं. च्या झाला की म्याच धुती आन म्याच खोचती."

"मला का नाही सांगितलंस कधी?"

"त्यात सांगायचं काय?" आई म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. आणि मग तिचा चेहरा बदलत गेला, आमचं कुणी मेलं की बदलतो तसा. "म्हंजी ते सांगायचं असतंय व्हय गं?"

मी सहन केलं त्यापेक्षा हा प्रश्न जड होता. अजून आहे.

माझ्याकडं साक्षीदार नाही. ऋतुजा येणार नाही. वायरमनना नोकरी टिकवायची आहे. कॉलेजचा निकाल अडकलाय, तो सुटेल असं मला वाटत नाही. वस्तीतलीही निम्मी माणसं म्हणतात, पोरीनं उगं इंगळी धरली हातात. खरं आहे. मला भीती वाटते. पोलिस ठाण्यातही तेच विचारतील, जातीचं नाव कुणी घेतलं? आणि मी तेच सांगेन, न्हाई.

तरी सोमवारी मी वेल्ह्याला पोलिस ठाण्यात जाणार आहे. आई म्हणाली, "म्या बी येती. माझं बी लिवून घेत्याल का इचार." आबा म्हणाले, "हारशील पोरी."

हारेन. पण आम्हा दोघींचं लिहून घेतल्याशिवाय मी तिथनं उठणार नाही.