बसाप्पाच्या नावाला हजेरी

निवृत्तीनंतर माझी पोस्टिंग कळंब्याला झाली. हुकूम कुणी काढला नव्हता, मीच काढला. आमच्या पलटणीतले जे म्हातारे जवान या भागात अंथरुणाला खिळून आहेत, त्यांच्या घरी चक्कर मारायची, औषधपाणी बघायचं, हयातीच्या दाखल्याचं अडलं असेल तर खेटे घालायचे. आणि वर्षातून एकदा, पलटणीच्या शहीद दिनाला, त्यांना स्मारकापर्यंत न्यायचं. नेता येत नसेल तर स्मारक मोबाईलवर त्यांच्यापर्यंत आणायचं. नोकरीत बरीच वर्षं मी इंटेलिजन्स हवालदार होतो, पुढे सुभेदार होऊन घरी आलो. चौकशा करायची खोड मात्र सुटली नाही. बायको त्याला भोचकपणा म्हणते.

आमच्या पलटणीची एक रीत आहे. शहीद दिनाला स्मारकापुढे नावं पुकारतात. नाव पुकारलं की त्या जवानाच्या सेक्शनमधला, म्हणजे त्याच्या दहाएक जणांच्या तुकडीतला, कुणीतरी त्याच्या वतीने ‘हजर’ म्हणतो. सेक्शनमधलं कुणीच नसेल तर क्षणभर थांबून पुढचं नाव घेतात. ते थांबणं मला ऐकवत नाही.

नाईक शंकर चौगुले, म्हणजे आमचे आबा, एकाहत्तरच्या लढाईतले. सिपाही बसाप्पा त्यांच्या सेक्शनचा आणि त्यांचा जिवलग. सीमाभागातला गडी, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारा. तो त्या लढाईत गेला. त्या सेक्शनमधले आता एकटे आबा उरलेत. दोन वर्षांपूर्वी न्हाणीत घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं आणि ते पलंगाला लागले. गेल्या वर्षी मी मोबाईल घेऊन गेलो, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बसाप्पाचं नाव तसंच पुढे गेलं. एवढा जिवाभावाचा दोस्त आणि त्याच्यासाठी एक शब्द बोलायला काय हरकत होती, हे वर्षभर माझ्या डोक्यात घोळत होतं.

यंदा आदल्या दिवशी जाऊन सरळ विचारलं.

‘‘उभं केलासा तर बोलतो, साब,’’ आबा म्हणाले. वयाने मी त्यांच्या मुलासारखा, पण रँक वरची म्हणून ते मला साब म्हणतात. मला अजून अवघडल्यासारखं होतं.

‘‘डॉक्टर नको म्हणतात, आबा.’’

‘‘मग ऱ्हाऊ द्या. पडून न्हाय बोलनार.’’

‘‘पडून बोललं तर काय होतं?’’

‘‘काय हुतंय ते मला म्हाईत हाय.’’

इंटेलिजन्सचा सगळा अनुभव तिथे पाण्यात गेला.

आबांचा मुलगा आणि सून, दोघेही शिरोली एमआयडीसीत कामाला जातात. दिवसभर आबांचं सगळं शकुंतलाबाई बघतात. घरोघरी जाऊन आजारी माणसांची सेवा करणं हा त्यांचा व्यवसाय. आवाज असा की परेडला उभं केलं असतं तर माईक लागला नसता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा त्यांनी आबांना पुसून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ठेवला होता. शर्टावर मेडल लावलं होतं.

मी मोबाईल उशाशी टेकवला. स्मारकावर आमचा एक हवालदार फोन धरून उभा होता.

‘‘आवाज कसा येतोय?’’

‘‘क्लिअर, साहेब. सुरू होतंय.’’

नावं सुरू झाली. एकेक ‘हजर’ येऊ लागला. दुसऱ्या-तिसऱ्या नावाला आबांनी पलंगाचा लोखंडी कठडा धरला आणि एक पाय खाली सोडला.

‘‘आबा, हाड पुन्ना मोडंल की,’’ शकुंतलाबाईंनी त्यांचे खांदे धरले.

‘‘सोडा मला.’’

‘‘न्हाय सोडनार.’’

वेदनेने आबांचा चेहरा पांढराफटक पडला, तरी हात कठड्यावरून निघेना. मी घाबरलो. ओढाताणीत खुबा गेला असता, आणि गप्प बसलो असतो तर बसाप्पाचं नाव याही वर्षी गेलं असतं. तेवढ्यात मला आमचं मिलिटरी हॉस्पिटल आठवलं. मीही तिथे महिनाभर काढलाय. साहेब राउंडला आले की चालते पेशंट पलंगाशेजारी उभे राहायचे. ज्यांना उठता येत नसे ते पडल्या पडल्या ताठ व्हायचे, हात मांड्यांना लावून. तेही सावधानच धरायचे.

‘‘वॉर्ड, सावधान,’’ मी म्हणालो.

आबा थांबले. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

‘‘वार्डात सुभेदाराचा हुकूम चालत न्हाय, साब. सिस्टरचा चालतो.’’

त्यांचं खरं होतं. वॉर्डात कर्नलसुद्धा सिस्टरला विचारून बसतो. मी शकुंतलाबाईंकडे वळलो.

‘‘तुम्ही म्हणा.’’

‘‘मी? मला काय येतंय त्यातलं?’’

‘‘दोनच शब्द आहेत. जोरात म्हणा.’’

त्या म्हणाल्या. शेजारच्या गॅलरीतल्या गप्पा बंद पडल्या. आबांनी कठडा सोडला. बाईंनी पाय उचलून वर घेतला, चादर नीट केली. आबांचे तळवे मांड्यांना लागले, हनुवटी वर आली, नजर छताच्या पंख्यावर स्थिर झाली.

‘‘सिपाही बसाप्पा,’’ मोबाईलमधून आलं.

‘‘हजर, साब.’’

माझ्याही टाचा आपोआप जुळल्या.

उरलेली नावं झाली, बिगुल झाला, मौन झालं. मी फोन बंद केला. आबा मात्र तसेच ताठ. हाक मारली, उत्तर नाही. पापणीसुद्धा हलेना. शकुंतलाबाईंनी झटकन मनगट धरलं.

‘‘नाडी हाय. पर ह्ये असं का?’’

मग एकदम लक्षात आलं.

‘‘बाई, विश्राम म्हणा.’’

या वेळी त्या हळू म्हणाल्या. आबांची बोटं सैल पडली. त्यांनी मोठा श्वास सोडला, आणि बोलायला लागले ते माझ्याशी नाही, बाईंशी.

‘‘आमी दोघं एकाच वार्डात हुतो, शेजारी शेजारी. माझ्या मांडीत गोळी, त्येच्या पोटात. सकाळी साब राउंडला आलं. सिस्टरनं सावधान म्हनलं. बसाप्पा बी झाला, हात शिद्दं करून. इश्राम म्हनल्यावर समदी हलली. त्यो हलला न्हाय.’’

मला वर्षभर हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. शकुंतलाबाईंनी आबांचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

‘‘बरं झालं, बाई, तुमी इश्राम म्हनलासा,’’ आबा म्हणाले. ‘‘बसाप्पा इतकी वर्सं सावधानातच हुता.’’